इंटरनेटवर संशोधन करायचंय? आधी डेटा कुणाच्या ताब्यात आहे ते बघा

‘इंटरनेट स्टडीज’ नावाचा विभाग शोधत बसू नका. आपल्या बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठात तो नाही, धारवाडला नाही, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठातही नाही. हा विषय आपल्याकडे पत्रकारिता, समाजशास्त्र, राज्यशास्त्र नाहीतर कॉम्प्युटर सायन्स, यांपैकी कुणाच्या तरी पंखाखाली करावा लागतो. खानापूर, निपाणी, येळ्ळूरकडची मुलं विचारतात, “ताई, सोशल मीडियावर पीएचडी करायचीय, फॉर्म कुठं भरू?” फॉर्म भरणं ही सगळ्यात शेवटची गोष्ट. आधी विषय, मग गाईड, मग विभाग. आणि विषय ठरवतानाच एक प्रश्न स्वतःला विचारायचा, जो मला कुणी विचारला नाही: डेटा कुणाच्या ताब्यात आहे? त्यावर पुढं लांबड लावणार आहे, कारण माझं घोडं तिथंच पेंड खात बसलं.

‘नेट’ म्हणजे प्राध्यापकी आणि फेलोशिपसाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा. तिच्याबद्दल तुम्हाला माहीत असेलच, म्हणून थोडक्यात. विषय ‘मास कम्युनिकेशन अँड जर्नालिझम’. २०२४ पासून नेटचे गुण पीएचडी प्रवेशालाही धरतात. जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधनाची फेलोशिप) नसेल तर ७० टक्के वजन नेटला आणि ३० टक्के मुलाखतीला, आणि त्या प्रवेशासाठीचा निकाल एक वर्षच चालतो. पेपर इंग्रजी किंवा हिंदीत. मराठी माध्यमातून आलेल्यांनी धास्ती घेऊ नये, सगळे बहुपर्यायी प्रश्न आहेत आणि चुकलं म्हणून गुण कापत नाहीत. जेआरएफ लागली तर महिना ३७,००० रुपये. कर्नाटकाच्या मागासवर्गीय यादीतला ३ब दाखला हातात आहे म्हणून नेटच्या फॉर्मवर ओबीसी टिकमार्क करू नका. तिथं केंद्राची यादी लागते, ती वेगळी आहे. तसंच महाराष्ट्राचं. महाराष्ट्र ज्यांच्यावर हक्क सांगतो त्या सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी तिकडून वेळोवेळी सवलती जाहीर होतात, पण सारथी, बार्टी, महाज्योती या तिकडच्या सरकारी संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांना (फेलोशिपना) अधिवासाची अट असते. जाहिरात शब्दन् शब्द वाचा. कुणीतरी ग्रुपवर टाकलं म्हणून फॉर्म भरायला कोल्हापूर गाठू नका.

एम.ए.च्या पातळीवरच या विषयाकडे वळायचं असेल तर बेंगळुरूच्या आयआयआयटीत ‘डिजिटल सोसायटी’ नावाचा एम.एस्सी. आहे, मुंबईत टिस (टाटा समाजविज्ञान संस्था) आहे, हैदराबाद विद्यापीठाचा कम्युनिकेशन विभाग आहे. बेंगळुरूतच २००८ पासून ‘सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी’ काम करतंय. त्यांचे अहवाल फुकट वाचायला मिळतात. सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) लिहिण्याआधी त्यातले दोन-तीन वाचले तर प्रश्न कसा विचारतात हे कळतं. तीन दिवसांच्या ‘डिजिटल रिसर्च मेथड्स’ कार्यशाळा, सर्टिफिकेटसकट, पैसे भरून, यातून माझ्या मते फक्त सर्टिफिकेट मिळतं.

आता तो डेटाचा सापळा.

२०२२ च्या डिसेंबरात बेळगावजवळच्या हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली, आठवत असेल. त्या दिवसांत सीमाप्रश्नावर लोक ऑनलाइन काय बोलले, मराठीत काय आणि कन्नडमध्ये काय, हा माझा विषय. पोस्ट्स हजारोंनी गोळा करायच्या, वर्गवारी करायची, मोजायच्या. विषय समितीला आवडला. एका प्लॅटफॉर्मनं संशोधकांसाठी उघडलेली सोय होती, तिच्यावर सगळा आराखडा उभा. आणि ती सोय बंद झाली.

हे माझ्या एकटीचं दुर्दैव नव्हतं, म्हणूनच सांगते. २९ जून २०२० ला टिकटॉकवर भारतात बंदी आली आणि त्यावर विषय घेतलेल्यांच्या पायाखालची वाळू सरकली. ट्विटरनं जानेवारी २०२१ मध्ये संशोधकांना जुन्या पोस्ट्स मोफत उतरवून घ्यायची मुभा दिली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये मोफत प्रवेश बंद करत असल्याचं जाहीर केलं. फेसबुकच्या सार्वजनिक पोस्ट्स बघायचं क्राउडटँगल १४ ऑगस्ट २०२४ ला बंद पडलं. त्याच्या जागी आलेल्या मेटा कंटेंट लायब्ररीसाठी रीतसर अर्ज करावा लागतो. प्रत्येक वेळी जगभरचे पीएचडीवाले बोंबलले. कंपन्यांना काय त्याचं!

नीट समजून घ्या, कारण वरवर हे ‘डेटा मिळाला नाही’ एवढंच वाटतं. अर्धा डेटा हातात असला तरी तो पुरत नाही. पुढचा काळ जोडता येत नाही, सुरुवातीला शोधशब्द चुकले असतील तर परत जाऊन शोधता येत नाही, म्हणजे पहिल्या महिन्यात घाईनं ठरवलेली शब्दांची यादी तुमच्या प्रबंधाची कायमची चौकट होऊन बसते. बऱ्याच प्लॅटफॉर्मच्या अटींनुसार मूळ पोस्ट्स दुसऱ्याला देता येत नाहीत, त्यामुळे परीक्षकानं ‘दाखवा बघू’ म्हटलं की पंचाईत. लोक पोस्ट्स काढून टाकतात. त्या तुमच्याकडे राहिल्या तर ठेवायच्या की नाही हा वेगळाच घोळ. वर नोंदणी झालेलं शीर्षक बदलायचं म्हणजे अर्ज, समितीची बैठक, पुढची बैठक. फेलोशिपचा काळ मात्र चालूच असतो. मग कुणीतरी ‘पैसे द्या, डेटा काढून देतो’ म्हणणारा भेटतो. त्याच्या नादी लागू नका. तो डेटा कसा आला हे प्रबंधात लिहिता येणार नाही, आणि जे लिहिता येत नाही त्याच्यावर व्हायव्हात बोलताही येत नाही.

म्हणून सिनॉप्सिसमध्येच एक परिच्छेद घाला: ही सोय बंद झाली तर मी काय करीन. गाईड म्हणतील, याची काय गरज? तरी घाला. रोज काय गोळा केलं, कुठल्या तारखेला, कुठला शब्द टाकून, याची साधी वही ठेवा.

आणि घाबरू नका, अजून खूप काही उघडं आहे. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे आणि त्यातल्या प्रत्येक लेखाचा प्रत्येक बदल, कुणी केला, कधी केला, कुणी परत फिरवला, हे सगळं कुणालाही बघता येतं. सीमाभागातल्या गावांच्या लेखांचा बदल-इतिहास उघडून बघा, भांडण कसं चालतं ते तिथं अख्खं दिसतं. यूट्यूबचे व्हिडिओ आणि प्रतिक्रिया रोजच्या ठरावीक मर्यादेत रीतसर उतरवता येतात. आपल्याकडच्या स्थानिक न्यूज चॅनलांच्या खालच्या प्रतिक्रियांवर कुणी धड काम केलेलं मला तरी दिसलं नाही. शिवाय माणसं स्वतःचा डेटा प्लॅटफॉर्मकडून मागवून घेऊन, राजीखुशीनं, तुम्हाला देऊ शकतात.

पण माझा प्रबंध तरला तो यातल्या कशानं नाही. तो तरला ग्राम वन सेंटरच्या, म्हणजे गावात सरकारी अर्ज भरून देणाऱ्या केंद्राच्या, काउंटरवर.

२०२३ च्या जुलैत कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे अर्ज सुरू झाले, घरातल्या बाईला महिना २,००० रुपये. खानापूर तालुक्यातल्या एका सेंटरवर मी बसून असायची. स्क्रीनवर फॉर्म कन्नडमध्ये, रांगेतल्या बायका मराठी बोलणाऱ्या. ऑपरेटर पोरगा कन्नड वाचायचा आणि मराठीत विचारायचा. “मावशी, ओटीपी सांगा.” मावशीच्या हातात साधा फोन, आणि आधारला जोडलेला नंबर लेकाचा. लेक मडगावात हॉटेलात कामाला. मग त्याला फोन, तो उचलणार नाही, परत फोन, स्पीकरवर आकडे, मागं भांड्यांचा आवाज. तोवर ओटीपीची मुदत संपलेली. “परत पाठवतोय म्हणे ओटीपी,” मावशी रांगेला ऐकू जाईल असं म्हणायच्या. ‘डिजिटल विषमता’ म्हणून इंग्रजी पेपरात जे पानंच्या पानं लिहितात ते इथं समोर बसलेलं होतं: भाषा, फोन कुणाचा, स्थलांतर, आणि मधला माणूस ज्याच्या शब्दावर सगळं चाललंय. जमिनीच्या उताऱ्याचंही तेच. कर्नाटकाच्या भूमी प्रकल्पानं पंचवीस वर्षांपूर्वी जमिनीच्या नोंदी संगणकावर आणल्या, पण उतारा वाचून दाखवायला आजही कुणीतरी लागतो.

कोडिंग येत नाही म्हणून न्यूनगंड घेऊन बसलेल्यांनो, या काउंटरवर बसायला पायथॉन लागत नाही. कन्नड मात्र लागतं. वाचता येईल इतकं तरी शिकाच. यात राजकारण आणू नका.

संमतीचं एक. तुम्ही गावच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहात, म्हणजे तिथले मेसेज तुमचा डेटा झाला असं नाही. आपल्याकडे १ नोव्हेंबरच्या (तिकडं कर्नाटक राज्योत्सव, मराठी लोकांचा काळा दिवस) आसपास एखाद्या मेसेजवरून पोरांना पोलीस ठाण्यात जावं लागतं. ‘असोसिएशन ऑफ इंटरनेट रिसर्चर्स’ ही १९९९ ची संघटना, तिची नीतिनियमांची मार्गदर्शिका २००२, २०१२ आणि २०१९ अशी तीनदा आली, मोफत आहे, वाचाच. सार्वजनिक पोस्टसुद्धा जशीच्या तशी छापली तर सर्च करून माणूस सापडतो. म्हणून नाव गाळणं पुरत नाही, वाक्य बदलून लिहावं लागतं.

गाईडबद्दल माझं मत एकांगी आहे, पण सांगते. मोठं नाव बघू नका. तुमची दहा पानं पंधरा दिवसांत वाचून परत देणारा माणूस बघा. आधी त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांना भेटा, कॅन्टीनमध्ये चहा पाजा, सगळं कळतं. एआयकडून सिनॉप्सिस लिहून घेऊन मेल करणारे लगेच ओळखू येतात, कारण त्यात बेळगाव कुठंच नसतं.

परदेशाचं बोलायचं तर ऑक्सफर्ड इंटरनेट इन्स्टिट्यूट २००१ पासून आहे, ॲमस्टरडॅमच्या ‘डिजिटल मेथड्स’ गटाची उन्हाळी शाळा भरते, ब्रिस्बेनला क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीत डिजिटल मीडियाचं मोठं केंद्र आहे. नेदरलँड्समध्ये आणि नॉर्वे-स्वीडनकडे पीएचडी ही बहुतेकदा पगारी नोकरी असते, जागा निघते, जाहिरात येते. म्हणजे प्रवेशाच्या पानावर नाही, नोकरीच्या पानावर शोधायचं. इंग्लंडात तसं नाही. तिथं प्रवेश आणि पैसा या दोन वेगळ्या गोष्टी. प्रवेशाचं पत्र आलं की घरचे पेढे वाटायला निघतात. त्यांना सांगा, शिष्यवृत्तीचं पत्र येऊ दे, मग वाटा.