साठ खुर्च्यांचा कार्यक्रम: तारीख, निरोप आणि फोन

ठाण्यात घंटाळीच्या आसपास आम्ही काही मैत्रिणी दर महिन्याला एक छोटा कार्यक्रम घेतो. कधी ओल्या कचऱ्याच्या खताची कार्यशाळा, कधी ठाणे खाडीतल्या पक्ष्यांवर गप्पा. सभागृह साठ खुर्च्यांचं, प्रवेश मोफत, खर्चाला पैसे बेताचे. अशा कार्यक्रमाला लोक यावेत असं वाटत असेल तर दोन गोष्टी जमल्या पाहिजेत. तो त्यांच्या दिवसात बसला पाहिजे आणि कुणीतरी त्यांना आपणहून बोलावलं पाहिजे. बाकीची साधनं याच दोन कामांसाठी वापरायची.

तारीख ठरवताना मोबाइल बाजूला ठेवा आणि भिंतीवरचं कॅलेंडर बघा. मार्गशीर्षातल्या गुरुवारी संध्याकाळी घरोघरी महालक्ष्मीची पूजा असते, बायका येणार नाहीत. संकष्टीला यायला हरकत नसते, पण वडापाव ठेवलात तर निम्मी मंडळी नुसता चहा घेतील, तेव्हा साबुदाणा वडे सांगा. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावी असलेलं घर धरूच नका. गुढीपाडव्याची सकाळ स्वागतयात्रेची, त्या दिवशी आमच्या नौपाड्यात दुसरं काही ठरवू नये. इतर दिवशी संध्याकाळी सहाची वेळ ठेवली तर घोडबंदर रोडवरची माणसं ट्रॅफिकमध्येच राहतात. आमची वेळ रविवारी सकाळी १०.३० ते १२.३०. नाश्ता करून निघायचं, जेवायला घरी.

रविवार म्हटला की मेगाब्लॉक आला, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी काही तास लोकल बंद किंवा उशिरा. तो बहुतेकदा एक-दोन दिवस आधी जाहीर होतो, म्हणजे आपली तारीख तेव्हा ठरून गेलेली असते. शनिवारी सकाळी ब्लॉक कुठून कुठपर्यंत आहे ते बघा आणि सगळ्यात आधी वक्त्यांना फोन करा. डोंबिवलीहून किंवा वाशीहून येणाऱ्या वक्त्याला एक गाडी आधीची पकडायला सांगितली की आपला जीव थाऱ्यावर राहतो.

आता निरोप. पोस्टर कॅनव्हा या डिझाइनच्या ॲपवर खुशाल करा, मुक्त किंवा बलूसारखे देवनागरी फॉन्ट मोबाइलवर नीट वाचता येतात. पण नुसतं चित्र पाठवू नका. चित्रातला पत्ता सहज कॉपी होत नाही, आठ दिवसांनी व्हॉट्सॲपवर शोधला तर सापडत नाही आणि सत्तरीच्या काकांना चित्र मोठं करून वाचायचा कंटाळा येतो. चित्राखाली मजकूर हवाच. आमचा साधारण असा असतो:

«घरचा ओला कचरा, घरचंच खत. बादली, कोकोपीट आणि सुकी पानं वापरून प्रत्यक्ष करून दाखवणार. रविवार १४ जून, सकाळी १०.३० ते १२.३०. सुरुवात वेळेवर. स्टेशनपासून (पश्चिम) चालत पंधरा मिनिटं. गाडी लावायला जागा नाही, रिक्षाने यावे. सभागृह तळमजल्यावर, पायऱ्या नाहीत. प्रवेश मोफत, नाव नोंदवणे आवश्यक.»

त्याखाली सभागृहाचा पत्ता, नकाशाची लिंक आणि एक फोन नंबर. पायऱ्यांची ओळ मी कधीच गाळत नाही. गुडघे दुखणारी कितीतरी माणसं त्या एका ओळीवर यायचं ठरवतात, आणि विचारायला संकोचतात.

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला आहे त्यांनाच निरोप पोचतो. म्हणून कार्यक्रमाच्या दारातच सांगायचं, «आमचा नंबर सेव्ह करा.» नोंदणीला गूगल फॉर्म पुरतो. नाव, फोन, कुठून येणार, बस्स. चौथा प्रश्न विचारला की लोक अर्ध्यात सोडतात. उत्तरं आपोआप शीटमध्ये जमा होतील अशी जोडणी करून ठेवा, फोनच्या वेळी ती यादी लागते.

कागदाला अजून किंमत आहे. एक पानाची सूचना सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारून लिफ्टशेजारी लावा, तिथे माणूस अर्धा मिनिट उभा असतोच. झाडांना खिळे ठोकून किंवा विजेच्या खांबांवर काही लावू नका. सार्वजनिक जागा विद्रूप करण्याविरुद्ध १९९५ पासून राज्यात कायदा आहे, आणि गावाची शोभा घालवून कसली प्रसिद्धी करायची? मोकळ्या मैदानात स्पीकर लावणार असाल तर पोलिसांची परवानगी आधी घ्या. रात्री दहाला तो बंद करावाच लागतो.

सगळ्यात जास्त वेळ फोनला द्या. मोफत कार्यक्रमाला नाव नोंदवणाऱ्यांपैकी बरेच जण येत नाहीत, आणि त्यात त्यांचा दोष नसतो. रविवार उजाडतो, पाहुणे येतात, विसरायला होतं. शनिवारी संध्याकाळी आम्ही यादी वाटून घेतो आणि एकेकाला फोन करतो. «उद्या येताय ना काकू? पंखा आहे, पाणी आहे, बरोबर वहिनींनाही आणा.» रेकॉर्ड केलेल्या मेसेजला हे जमत नाही. एखाद्या काकू येणार नसतील तर तेही कळतं, आणि ती खुर्ची वाट बघणाऱ्याला देता येते.

पुढच्या महिन्याची तारीख आणि विषय आभारप्रदर्शनाच्या आधी सांगा. आभार सुरू झाले की लोक चपला शोधायला उठतात. नोंदणीचा क्यूआर कोड मोठ्या कागदावर छापून चहाच्या टेबलाजवळ चिकटवा, आणि ज्यांना मोबाइल जमत नाही त्यांच्यासाठी शेजारी वही-पेन ठेवा.