अधिवेशनाची माहिती लोकांना कशी द्यायची, लोकांची माहिती चव्हाट्यावर न आणता

अधिवेशन उठलं की दुसऱ्याच दिवशी आमदारांच्या ऑफिसमधून एक मेसेज फिरतो, वर साहेबांचा फोटो, खाली "ऐतिहासिक निर्णय" आणि मधे दोन ओळी ज्यातून कुणाला काही कळत नाही. मी एका आमदारांच्या ऑफिसात हे मेसेज लिहायचं काम करतो, सुरुवातीला मीही असेच लिहायचो, मग गावात गेलो की लोक विचारायचे "म्हणजे कायदा झाला का? कधीपासून?" आणि मला सांगता यायचं नाही. त्यातून जे शिकलो ते लिहितोय. तुम्ही पीए असाल, कार्यकर्ते असाल किंवा गावच्या ग्रुपचे अ‍ॅडमिन असाल, सगळ्यांना लागू पडेल.

१. विधेयक नक्की कुठे पोचलंय ते आधी बघा

"पास झालं" या दोन शब्दांनी सगळ्यात जास्त घोळ होतो. विधेयक आधी मांडलं जातं, कधी संयुक्त समितीकडे (दोन्ही सभागृहांतल्या आमदारांची समिती) जातं, मग विधानसभा, विधान परिषद, मग राज्यपालांची सही, काही वेळा थेट राष्ट्रपतींपर्यंत जावं लागतं, आणि मग राजपत्रात छापून येतं. तिथपर्यंत तो कायदा नसतो.

महिला आणि मुलांवरच्या अत्याचारांसाठी कडक शिक्षा आणणारं शक्ती विधेयक आठवा. डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं, सगळीकडे "शक्ती कायदा आला" असे मेसेज गेले, आमच्याकडूनही गेला. पण त्यात केंद्राच्या फौजदारी कायद्यांत बदल होते म्हणून राष्ट्रपतींची मंजुरी लागणार होती आणि ती मिळालीच नाही. काही महिन्यांनी एका ताईंचा पोलीस स्टेशनमधून फोन आला, "भाऊ, इथे सांगा ना शक्ती कायद्याखाली गुन्हा घ्यायला." मी त्यांना काय सांगणार होतो? त्या आमच्याच मेसेजवर विश्वास ठेवून तिथे उभ्या होत्या.

तेव्हापासून माझ्या मेसेजच्या पहिल्या तीन ओळी ठरलेल्या आहेत: विधेयकाचं नाव आणि क्रमांक, आज ते कुठे आहे, पुढे काय बाकी आहे. म्हणजे "विधानसभेत मंजूर, परिषदेत अजून यायचंय, आज लागू नाही." एवढं लिहिलं तरी निम्मे फोन कमी होतात.

२. बातमीवर जाऊ नका, विधेयक वाचा

विधानमंडळाच्या वेबसाइटवर मराठी प्रत मिळते. भाषा जड आहे, म्हणून मी शेवटून सुरू करतो, "उद्देश व कारणे यांचे निवेदन" असतं ते आधी वाचायचं, सरकारला हे कशासाठी हवंय ते तिथे कळतं. मग पेन घेऊन जिथे जिथे "विहित करण्यात येईल" असं आहे तिथे गोल करायचा. त्याचा अर्थ हा तपशील आज ठरलेला नाही, नंतर सरकार नियम करून ठरवणार. माहितीच्या बाबतीत खरा खेळ बऱ्याचदा या गोलातच असतो, कारण अर्जात काय काय मागणार हे तिथेच ठरतं.

३. खाजगी माहितीबद्दल प्रत्येक विधेयकाला हेच प्रश्न विचारा

लोकांची कुठली माहिती घेणार? ती कोण ठेवणार, सरकारी खातं की कुठली एजन्सी? आणखी कुणाला देणार? चुकली तर दुरुस्त कुठे करायची? द्यायची नसेल तर लाभ बंद होणार का? २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, सरकारला त्यात हात घालायचा तर कायदा पाहिजे, योग्य हेतू पाहिजे आणि गरजेपुरतंच पाहिजे. म्हणून हे प्रश्न विचारणं म्हणजे विरोध करणं नव्हे, सत्ताधारी आमदारांनीही विचारले पाहिजेत.

उत्तर विधेयकात नसेल तर मेसेजमध्ये सरळ लिहा की विधेयकात याचं उत्तर नाही, आम्ही मंत्र्यांना विचारतोय. आणि खरंच विचारा.

समितीकडे गेलेल्या विधेयकात काय बदललं तेही सांगा. जनसुरक्षा विधेयकावर संयुक्त समितीकडे १२ हजारांवर सूचना आल्या होत्या, त्यानंतर तपास अधिकारी फौजदाराऐवजी डीवायएसपी दर्जाचा असेल असा बदल झाला आणि जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांत ते मंजूर झालं. बेकायदेशीर ठरवलेल्या संघटनेचं सभासद असलं तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा, ही तरतूद त्यात आहे. मग लोक विचारणारच की आमचं नाव कुठल्या संस्थेच्या यादीत आहे ते कोण बघणार. अशा वेळी "घाबरू नका" एवढं लिहून भागत नाही, कलमाचा नंबर द्या आणि त्यात काय म्हटलंय ते साध्या मराठीत लिहा.

४. दिल्लीचा कायदा असला तरी आपल्या लोकांवर काय परिणाम होतो ते सांगा

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि बऱ्याचशा तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. यात एक चांगली गोष्ट आहे, तुमची माहिती घेताना जी सूचना द्यायची ती मराठीतही मागता येईल.

पण याच कायद्याने माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ञ), म्हणजे वैयक्तिक माहिती नाकारता येते ते कलम, बदललं आणि याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. आधी तिथे एक ओळ होती, जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कुठल्याही माणसाला नाकारता येणार नाही. म्हणजे आमदार आणि बांधावरचा शेतकरी एका पातळीवर. ती ओळ गेली. ज्या महाराष्ट्राने केंद्राच्या २००५ च्या कायद्याआधीच स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला तिथल्या लोकांना हे त्यांच्या आमदाराने सांगायलाच पाहिजे. आणि सोबत मार्गही सांगा: "वैयक्तिक माहिती" म्हणून अर्ज फेटाळला तर अपिलात कलम ८(२) मधलं जनहिताचं कारण मांडा, आणि विषय गावाचा असेल तर आमदारांकडे द्या, तारांकित प्रश्न (ज्याचं मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं तो) टाकता येतो.

५. पाठवताना लोकांचे नंबर उघडे पडू देऊ नका

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये दिसत नाही, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो. चॅनल काढलं तर फॉलो करणाऱ्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, मला तेच बरं वाटतं.

लाभार्थ्यांच्या याद्या कधीच टाकू नका. आमच्याकडे एकदा निराधार योजनेच्या मंजूर यादीचा फोटो ग्रुपवर गेला, नाव, मोबाईल, खातं नंबर, सगळं स्वच्छ दिसत होतं, पाठवणाऱ्याला वाटलं लोकांना आनंद होईल. दोन दिवसांत एका विधवा मावशींना फोन आला, "तुमचे पैसे अडकलेत, ओटीपी सांगा." समोरच्याला त्यांचं पूर्ण नाव माहीत होतं, योजना माहीत होती, मग का नाही विश्वास बसणार? नशिबाने त्यांना ओटीपी वाचता आला नाही म्हणून त्या नातवाची वाट बघत थांबल्या. आता आम्ही फक्त गावाचं नाव आणि किती अर्ज मंजूर ते टाकतो, बाकी ज्याचं त्याला फोन करून.

आधारचं तर कायद्यातच आहे की नंबर जाहीर करायचा नाही. कागद मागायचाच झाला तर मास्क्ड आधार मागा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. काम झालं की फोनमधून आणि झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरमधूनही फाइल डिलीट करून घ्या, समोर उभं राहून.

६. सभागृहातलं भाषण तसंच्या तसं उचलू नका

सभागृहात बोललेल्याला राज्यघटनेच्या अनुच्छेद १९४ चं संरक्षण आहे, तेच आमदार बाहेर मेळाव्यात बोलले तर नाही. आणि लक्षवेधीत (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधायची सूचना) एखाद्या अत्याचाराची घटना आली असेल तर पीडितेची ओळख पटेल असं काहीच टाकायचं नाही, नाव नाही, गाव नाही, वडिलांचं दुकान कुठे तेही नाही. तो गुन्हा आहे. मी अशा व्हिडिओची क्लिप करण्याआधी पूर्ण दोनदा ऐकतो.

७. प्रश्न नोंदवून ठेवा

मेसेजच्या शेवटी ऑफिसचा एक नंबर आणि वेळ द्या, आमच्याकडे संध्याकाळी ५ ते ७. जे प्रश्न येतात ते एका वहीत लिहा, पुढच्या अधिवेशनाआधी हीच वही साहेबांसमोर ठेवायची, त्यातूनच प्रश्न आणि लक्षवेध्या निघतात. मंत्र्यांनी सभागृहात आश्वासन दिलं असेल तर तारखेसकट तेही लिहा, पुढे विधिमंडळाच्या आश्वासन समितीकडे पाठपुरावा करता येतो. वहीत माणसाचं नाव, गाव, परत फोन करायचा असेल तर नंबर आणि प्रश्न इतकंच. आधार नको, खातं नको, जात नको, आणि वही रात्री टेबलावर न ठेवता कपाटात कुलपात ठेवायची.