सोलापुरात मिक्स मीडिया (प्लास्टर, सूत असं मिसळून) शिल्प करताय? आधी सुताची खळ काढा

आर्मेचर (आतला तारेचा सांगाडा), प्लास्टर, साचा हे सगळं तुम्हाला येतंच, त्यावर वेळ घालवत नाही. पण सोलापुरात राहून शिल्पात सूत वापरायचं नाही म्हणजे काय ओ? अक्कलकोट रोड एमआयडीसीत नाहीतर पूर्व भागात एखाद्या कारखान्यात ओळख काढा, चादरीचं, टॉवेलचं वेस्ट किलोवर मिळतं. आणि नेमकं तिथंच माणूस फसतो, मीपण फसलो.

ताण्याच्या, म्हणजे मागावरच्या उभ्या सुताला खळ (कडक करणारा लेप) असते. मागावर घासून तुटू नये म्हणून सायझिंग करतात, त्यात बहुतेक वेळा स्टार्च. बाण्याला, म्हणजे आडव्या सुताला नसते. पोत्यात दोन्ही मिसळून येतं, हाताला कडक लागतं ते ताण्याचं. ते तसंच फेव्हिकॉलमध्ये बुडवून प्लास्टरवर लावलं की लई भारी दिसतं, कडक असल्यामुळं आकार पण धरतं, म्हणून तर मोह होतो. इथली हवा कोरडी, उन्हाळाभर काही होत नाही. मग पावसाळ्यात प्लास्टर ओल धरतं, स्टार्चवर बुरशीचे काळे ठिपके येतात, मागोमाग झुरळं आणि कसर. माझं एक काम गिऱ्हाइकाच्या हॉलमधून असंच परत आलं. वरून वार्निश मारून उपयोग नाही, आत त्यांना खायला आहेच की.

टिंक्चर आयोडीन पाण्यात पातळ करा, सुतावर थेंब टाका, निळंकाळं झालं की खळ आहे समजा. गडद रंगावर कळत नाही, तेव्हा तुकडा पाण्यात उकळा, पाणी गार होऊ द्या आणि मग त्यात थेंब टाका, गरम पाण्यात तो रंग येतच नाही. आयोडीन शाळेच्या लॅबमध्ये मिळतं, विज्ञानाच्या मॅडमना एक चहा पाजा. नुसतं गार पाण्यात भिजवून खळ जात नाही. धुण्याचा सोडा घालून उकळायचं, पाणी बदलून परत उकळायचं, निळं यायचं थांबेपर्यंत. सुताचा रंग थोडा उतरेल, उतरू दे, नाहीतर तो प्लास्टरमध्ये उतरला असता.

प्लास्टर सेट झालं म्हणजे वाळलं नाही हां. सेट अर्ध्या तासात होतं, जाड काम वाळायला आठवडे जातात. लोखंडी तारेला आधी ऑइल पेंटचा हात द्या, नाहीतर गंज बाहेर फुटतो. यूट्यूबवरची "एका दिवसात शिल्प"वाली मंडळी हे दाखवत नाहीत, त्यांना पुढच्या पावसाळ्याशी काय देणंघेणं.

एखाद्या शिल्पकार सरांच्या हाताखाली उमेदवारी करायला माझी ना नाही, पण साचा आणि कास्टिंग (साच्यात ओतकाम) हातात बसलं की निघा. वर्षानुवर्षं त्यांचे पुतळे घासत बसलात तर स्वतःचं काम राहिलंच.

शाळेत चित्रकलेचे शिक्षक म्हणून लागायचं तर एटीडी (आर्ट टीचर डिप्लोमा) करून ठेवा. आणि तिथं शिल्पकार म्हणून कोणी विचारत नाही हे आधीच पचवा, स्नेहसंमेलनाचं स्टेज, फलकलेखन, रांगोळी, सगळं तुमच्याच गळ्यात. पालक येतात ते इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या ग्रेडसाठी, दहावीला ए ग्रेडचे ७, बीचे ५, सीचे ३ मार्क मिळतात म्हणून. वाईट वाटून घेऊ नका, त्याच वर्गात एखादं पोरगं चिंध्यांचा असा बैल करून आणतं की आपण बघत राहतो.

पगार नियमित असला की विकायची घाई नसते, हा फायदा मोठा आहे, खरंच. मोठी कामं मेच्या सुट्टीत काढा, प्लास्टर मस्त वाळतं. शाडू मात्र त्या उन्हात तडकतो, त्याच्यावर ओलं पोतं टाका आणि पंखा बंद ठेवा.