लेखनाच्या कोर्सचं रिफ्लेक्शन लिहिताय? या चुका टाळा

लेखनाच्या कोर्सच्या शेवटी एक असाइनमेंट ठरलेली असते: लेखक म्हणून या सेमिस्टरमध्ये तुमच्यात काय बदल झाला ते लिहा. बरीच वर्षं मी ही रिफ्लेक्शनं वाचते आहे. सेमिस्टरभर राबलेली मुलं या शेवटच्या दोन-तीन पानांत स्वतःवरच अन्याय करतात, आणि दरवेळी त्याच त्या चुकांनी. म्हणून हे लिहायला बसले.

सगळ्यात मोठी चूक रिफ्लेक्शन लिहायला घेण्याच्या कितीतरी आधी होऊन गेलेली असते. पहिला खर्डा जपून ठेवलेलाच नसतो. एकाच फाइलमध्ये लिहायचं, तिच्यातच दुरुस्त्या करायच्या, सेव्ह करायचं. हातात उरतो तो फक्त शेवटचा लेख. मग वाढ दाखवणार कशाच्या तुलनेत?

एका विद्यार्थिनीचं रिफ्लेक्शन आलं होतं. "माझ्या लेखनात आमूलाग्र बदल झाला. माझा आत्मविश्वास वाढला. माझे विचार अधिक प्रगल्भ झाले." अशी चार पानं. मुलगी खरोखरच चांगली लिहायला लागली होती, हे मला माहीत होतं. त्या चार पानांवरून मात्र ते कुणालाच कळलं नसतं. मी म्हटलं, "तुझे पहिले खर्डे घेऊन ये." ती म्हणाली, "मॅडम, ते फार कच्चे होते, मी डिलीट केले." फार वाईट वाटलं मला. दोन दिवस शोधाशोध केल्यावर, मी शेरे लिहून दिलेली एका लेखाची प्रिंट तिच्या वहीत घडी घातलेली सापडली.

त्या प्रिंटमधलं पहिलं वाक्य होतं, "मानवी जीवनात वाचनाचे महत्त्व अनन्यसाधारण आहे." शेवटच्या लेखातलं पहिलं वाक्य होतं, "ज्या पुस्तकाची शेवटची पानं कुणीतरी फाडून नेली होती, तेच मला सगळ्यात जास्त आठवतं." दोन्ही कागद शेजारी ठेवून ती बराच वेळ बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं, की फाडलेल्या पानांची गोष्ट पहिल्या खर्ड्यातही होतीच, पण दुसऱ्या पानावर, चौथ्या परिच्छेदाच्या शेवटी. आधीचे तीन परिच्छेद ती नुसती विषयाभोवती घुटमळत होती. तिनं रिफ्लेक्शन नव्यानं लिहिलं, दीड पानाचं. त्यात होतं: "मला जे सांगायचं असतं ते मला चौथ्या परिच्छेदात सापडतं. आता लेख झाला की मी आधीचे तीन झाकून वाचते." सेमिस्टरभराचं शिकणं या दोन वाक्यांत आलं.

म्हणून प्रत्येक खर्ड्याची वेगळी फाइल करा, नावात तारीख घाला. गूगल डॉक्समध्ये व्हर्जन हिस्ट्री असते, पण तिथल्या जुन्या आवृत्त्या कधीकधी एकमेकींत मिसळल्या जातात. खर्डा पुरा झाला की 'नेम करंट व्हर्जन' वापरून त्याला नाव देऊन टाका. वर्डमधल्या ट्रॅक चेंजेसवर विसंबत असाल, तर बदल स्वीकारले की खुणा जातात, तेव्हा आधी प्रत काढा. मी पहिल्या खर्ड्याची प्रिंट काढतेच. कागदावर खोडलेलं वाक्य खाडाखोडीखालून दिसत राहतं, आणि आपण ते का खोडलं हे महिन्यांनंतरही आठवतं.

दुसरी चूक: शब्द बदलले म्हणजे पुनर्लेखन झालं असं समजणं. १९८० साली नॅन्सी सॉमर्स या अमेरिकन अभ्यासिकेनं २० विद्यार्थी आणि २० अनुभवी लेखक यांची तुलना प्रसिद्ध केली. प्रत्येकानं तीन लेख लिहिले आणि प्रत्येक लेख दोनदा पुन्हा लिहिला. विद्यार्थ्यांचं लक्ष मुख्यतः शब्दांवर होतं: हा बरा की तो, हा दोनदा तर आला नाही ना. अनुभवी मंडळी आपला मुद्दा नेमका काय आहे, त्याला कोणता आकार द्यावा आणि वाचकाला तो कसा दिसेल, हे शोधत होती. आज माझ्यासमोर येणाऱ्या मुलांचंही तसंच आहे. 'महत्त्वाचे' खोडून 'अत्यंत महत्त्वपूर्ण' केलं, तर त्याबद्दल रिफ्लेक्शनमध्ये लिहिण्यासारखं काही नाही. एखादा परिच्छेद उचलून दुसरीकडे नेलात, अर्धं पान काढून टाकलंत, मतच बदललंत, तर ते लिहा.

"मॅडमनी सांगितलं म्हणून बदललं" हे वाक्य लिहू नका. शेरा पटला का, पटला नसेल तर का नाही, ते सांगा. एका मुलाला मी शेरा दिला होता, "हा प्रसंग काढ." त्यानं तो काढला नाही, आणि रिफ्लेक्शनमध्ये कारण दिलं: "हा प्रसंग गेला तर वडील नुसते रागीट दिसतात." त्याचं बरोबर होतं. त्या एका ओळीवरून मला कळलं, की हा आता स्वतःच्या लेखाची जबाबदारी घेतो आहे.

चॅटजीपीटीकडून रिफ्लेक्शन लिहून घेऊ नका. तुम्ही कुठे अडलात हे त्याला ठाऊक नाही, त्यामुळे ते कुणालाही लागू पडेल असंच काहीतरी देणार. हा शॉर्टकट मला सगळ्यात जास्त खुपतो, कारण या असाइनमेंटमध्ये तुमच्याशिवाय दुसरा जाणकारच नसतो.

कोर्सचे आणि शिक्षकांचे आभार मानण्यात पान घालवू नका.

आदल्या रात्री लिहायला बसू नका. जुने खर्डे वाचायलाच एक संध्याकाळ जाते.

दोन महिन्यांत "मला माझी शैली सापडली" असं लिहायची घाई नको. नव्यानं लिहिणाऱ्यांना शैलीची फार ओढ असते. आधी स्वतःची एक खोड शोधा. मी दर खर्ड्याच्या खाली तीन ओळी लिहून ठेवते: कुठे अडलं, काय काढलं, कशाची खात्री नाही. सेमिस्टरच्या शेवटी त्या ओळी सलग वाचल्या की एकच अडचण पुन्हा पुन्हा आलेली दिसते. रिफ्लेक्शन तिथून सुरू करा.

आणि जे अजून जमत नाही ते लपवू नका. "मला लेखाचा शेवट करता येत नाही" असं लिहून ज्यांनी काट मारलेले आपले तीन शेवट सोबत जोडलेले असतात, त्यांचं रिफ्लेक्शन मी गठ्ठ्यातून आधी वाचायला घेते.