स्मरणशक्तीची चाचणी ठरली आहे? आधी कान पाहा

डॉक्टरांनी पाच शब्द वाचून दाखवले, थोड्या वेळाने विचारले, आणि वडिलांना दोनच सांगता आले. उरलेले तीन ते विसरले, की मुळात ऐकूच आले नव्हते? 'मोका' (MoCA) या स्मरणशक्तीच्या नेहमीच्या 30 गुणांच्या चाचणीत शब्द लक्षात ठेवणं, आकडे उलटे म्हणणं, वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवणं हे सगळं कानावरच चालतं. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चांगलं ऐकू येणाऱ्या तरुणांना अशीच एक चाचणी मुद्दाम अस्पष्ट आवाजात दिली, तर त्यांचेही गुण घसरले.

1. आधी कानातला मळ डॉक्टरांकडून तपासून घ्या. घरी काडी किंवा बड घालू नका, मळ आणखी आत जातो.

2. ऑडिओमेट्री, म्हणजे कोणते आवाज किती ऐकू येतात याची तपासणी, करून घ्या. "मला ऐकू येतं" या उत्तरावर विसंबू नका. वयोमानाने आधी उंच पट्टीतले आवाज जातात. स्वर नीट ऐकू येतात, पण 'स', 'त', 'क' निसटतात. मग 'साप', 'ताप' आणि 'काप' सारखेच वाटतात. "आवाज येतो, पण बोलणं कळत नाही" ही तक्रार इथून येते. त्यात चारचौघांत पुन्हा विचारायचा संकोच, म्हणून मान डोलावून वेळ मारून नेली जाते आणि घरच्यांना वाटतं, सांगितलेलं विसरतात.

3. चाचणीला जाताना श्रवणयंत्र कानात हवं, खिशात नव्हे! सेल नवा घाला. चष्माही घ्या, कारण कमी ऐकू येणारा माणूस नकळत ओठ वाचत असतो.

4. ऐकू कमी येतं हे चाचणी घेणाऱ्यांना सुरुवातीलाच सांगा. शांत खोली आणि समोरासमोर बसणं मागून घ्या. बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड हवा आणि शक्य असेल तर मास्क नको. ओरडून बोलल्याने शब्द उलट फाटतात, सावकाश बोललेलं बरं. चाचणीत नसलेले चार-पाच शब्द आधी म्हणून घ्यायला सांगा. तेच चुकत असतील, तर पुढच्या गुणांना फारसा अर्थ नाही. श्रवणयंत्र नसेल तर हेडफोनचं साधं ध्वनिवर्धक चालतं का, ते विचारा.

5. तुम्ही मात्र गप्प बसा. शब्द पुन्हा सांगायचा मोह होतो, पण त्याने चाचणी बिघडते.

6. ऐकण्याची अडचण आणि श्रवणयंत्र होतं की नव्हतं, हे अहवालात लिहून घ्या. मोकात साधारण 26 किंवा जास्त गुण सामान्य धरतात. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी 'मोका-एच' ही आवृत्तीही आहे. तिच्यात सूचना लिहून दाखवतात.

गुण कमी आले आणि ऐकणंही कमी असेल, तर श्रवणयंत्राची सवय झाल्यावर पुन्हा चाचणी घेता येते. पण सगळं खापर कानावर फोडू नका. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे 14 धोके सांगितले, त्यात बहिरेपणही आहे. म्हणजे दोन्ही एकाच वेळी असू शकतं. ओळखीचा रस्ता चुकणं किंवा औषधांच्या वेळांचा घोळ यांचा ऐकण्याशी संबंध नसतो. ते दिसत असेल, तर श्रवणयंत्र येईपर्यंत थांबू नका.