व्हर्जिनियाच्या जुन्या दप्तरात शेतकरी पूर्वज शोधताय? या चुका टाळा

माझ्या जावयाच्या घरी दिवाणखान्यात एका जुन्या कागदाची नक्कल फ्रेम करून लावलेली आहे. १६५०च्या दशकातलं, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया या तेव्हाच्या इंग्रजी वसाहतीचं जमिनीचं पेटंट, म्हणजे जमिनीची सनद. त्याच्या शेवटी पंधरावीस नावं आहेत आणि त्यात एक त्यांच्या आडनावाचा माणूस. मूळ पुरुष त्या वर्षी जहाजानं आला आणि त्याला ५० एकर जमीन मिळाली, असं त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. नातवंडांसाठी त्यांच्या वडिलांकडची वंशावळ करायला बसलो तेव्हा मीही तिथूनच सुरुवात केली. भूमी अभिलेख खात्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे जमिनीचे कागद आपल्याला वाचता येतात असा भरवसा होता. पण त्या पेटंटावरून घरानं काढलेले दोन्ही अर्थ चुकीचे निघाले.

अक्षर बरोबर लागलं होतं. तो कागद कुणी आणि कशासाठी करून घेतला, एवढं मात्र आम्ही विचारलं नव्हतं. पुढच्या बहुतेक चुकांच्या मुळाशी हेच आहे.

यादीतल्या माणसाला जमीन मिळाली असं धरणं

१६१८पासून व्हर्जिनियात ‘हेडराईट’ची पद्धत होती. जो पदरचे पैसे घालून माणूस वसाहतीत आणेल, त्याला माणशी ५० एकर. म्हणजे जमीन खर्च करणाऱ्याची. यादीतली नावं हा त्याच्या मागणीचा पुरावा. त्यातले कितीतरी जण करारानं बांधलेले नोकर होते आणि त्यांच्या वाट्याला या पेटंटातून एक गुंठाही आला नाही.

तारखेचंही तसंच. हा हक्क विकता येई, साठवता येई, पाच-दहा वर्षांनी वापरता येई. एकाच माणसाच्या नावावर दोनदा जमीन उचलल्याचे प्रकारही घडले. म्हणून पेटंटाचं साल हे आगमनाचं साल नव्हे. ‘बहुधा या तारखेच्या आधी केव्हातरी’ एवढंच वंशावळीत लिहा.

या याद्या शांतपणे वाचाव्यात. जॉर्ज मेनेफी याच्या १६३५च्या पेटंटात ‘टोनी’ नावाचा एक माणूस आहे, नावापुढे ‘ईस्ट इंडियन’ असा शेरा. (मुंबई-वसईच्या ईस्ट इंडियन समाजाशी याचा संबंध जोडू नका, ते नाव फार नंतरचं.) आपल्या बाजूच्या समुद्रापलीकडून कुणीतरी इतक्या आधी तंबाखूच्या त्या शेतांवर पोचलं होतं, आणि त्याची नोंद उरली ती दुसऱ्याच्या जमिनीच्या हिशेबात. तो शेरा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी बराच वेळ तसाच बसून होतो.

एक सूचना इथेच. संघीय सरकारच्या जनरल लँड ऑफिसच्या नोंदी इंटरनेटवर सहज सापडतात म्हणून लोक तिथे शोधतात, काहीच मिळत नाही आणि ‘पूर्वजाकडे जमीनच नव्हती’ असं ठरवून मोकळे होतात. मूळच्या तेरा वसाहतींत जमीन वाटली ती त्या त्या वसाहतीनं. व्हर्जिनियाची पेटंटं रिचमंडच्या लायब्ररी ऑफ व्हर्जिनियात आहेत. त्यातही पोटोमॅक आणि रॅपहॅनॉक या नद्यांमधला ‘नॉर्दर्न नेक’ हा मुलूख खासगी मालकीचा होता, पुढे फेअरफॅक्स घराण्याचा. तिथल्या सनदांची पुस्तकं वेगळी आहेत. १७०४ची सारावसुलीची प्रसिद्ध यादी आहे, तिच्यातही नॉर्दर्न नेक नाही. तिथल्या माणसाचं नाव त्या यादीत नसणारच.

आजच्या काउंटीत शोधत बसणं

शेत जागचं हललं नाही तरी काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) बदलत राहिली. ब्लू रिज डोंगराच्या पूर्वेला, आजच्या मॅडिसन काउंटीतलं एखादं शेत घ्या. १७२१पासून त्याचे कागद स्पॉटसिल्व्हेनियात, १७३४नंतर ऑरेंजमध्ये, १७४९नंतर कल्पेपरमध्ये आणि अठराव्या शतकाच्या अखेरीपासून मॅडिसनमध्ये. आजा, बाप आणि मुलगा एकाच घरात राहिले, तरी तिघांची दप्तरं तीन कोर्टांत.

नावाचाही चकवा आहे. रॅपहॅनॉक नावाच्या काउंट्या दोन. जुनी १६५६ ते १६९२ एवढीच होती, तिचे कागद आता एसेक्स काउंटीकडे आहेत. आजची रॅपहॅनॉक १८३३मध्ये कल्पेपरमधून निघाली, ती लांब डोंगराच्या पायथ्याशी. मी दोन महिने चुकीच्या रॅपहॅनॉकमध्ये घालवले. आधी काउंटी केव्हा, कशातून फुटली याचा तक्ता करा, मगच इच्छापत्रं उघडा.

मिऱ्याच्या एका दाण्याचा भाडेकरू

खरेदीचे दस्त वाचताना हमखास फसवणारी जोडी म्हणजे ‘लीज अँड रिलीज’. पहिल्या दिवसाच्या दस्तात जमीन एक वर्षाच्या भाड्यानं दिलेली असते, मोबदला पाच शिलिंग, आणि वर्षाअखेरचं भाडं मागितल्यास मिऱ्याचा एक दाणा. हे वाचून पूर्वजाला कूळ ठरवणारे खूप आहेत. पान उलटा. दुसऱ्या दिवशीच्या दस्तात खरी किंमत आणि कायमचा हक्क असतो. आधी भाड्यानं ताबा द्यायचा आणि मग त्याच ताबेदाराच्या नावे उरलेला हक्क सोडायचा, अशी इंग्रजी कायद्यातली ही सोय होती. दोन्ही मिळून एकच विक्री. तारीख आणि किंमत दुसऱ्या दस्ताची धरा.

आणि ‘प्लँटर’ म्हणजे बागायतदार जमीनदार नव्हे. १०० एकरांवर स्वतः राबणाराही दस्तात प्लँटरच.

कागदात नाव नाही म्हणजे मुलगा नाही

या चुकीनं सगळ्यात जास्त वंशावळी मोडतात. व्हर्जिनियात १७८७पर्यंत इच्छापत्र न करता बाप वारला तर जमीन थोरल्या मुलाकडे जाई, आणि त्यासाठी कुठलाही दस्त लागत नसे. आपल्याकडे मृत्यूनंतर वारसाची नोंद होते, फेरफार पडतो. तिथे तसलं काही नाही. इच्छापत्र असलं तरी थोरल्याचं नाव वगळलेलं किंवा त्याला नुसता एक शिलिंग दिलेला दिसतो. लोक म्हणतात, बापानं तोडलं त्याला. बहुतेक वेळा त्याचा वाटा आधीच देऊन झालेला असतो किंवा कायद्यानं मिळणारच असतो.

यावर माझा उपाय जमाखर्चाचा. त्या नावाच्या प्रत्येक माणसासाठी दोन रकाने आखा. जमीन आली कशी, गेली कशी. विकलेल्या तुकड्याची खरेदी कुठेच नसेल तर ती वारशानं आली असेल किंवा बायकोकडून, म्हणजे बापाचं किंवा सासऱ्याचं नाव तिथेच दडलेलं आहे. घेतलेली जमीन कधी विकलीच नसेल तर वीस-तीस वर्षं पुढे जा आणि तोच तुकडा कोण विकतंय ते बघा. त्या दस्तात ‘अमक्याचा मुलगा आणि कायदेशीर वारस’ असे शब्द पुष्कळदा सापडतात. विधवेला नवऱ्याच्या जमिनीत एक तृतीयांश हिस्सा हयातीपुरता असे, त्यामुळे ती जाईपर्यंत हा दस्त लांबलेलाही असतो.

एकाच नावाची दोन माणसं असतील तर हाच तक्ता त्यांना वेगळं करतो. ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’वर विसंबू नका. तेव्हा त्याचा अर्थ एकाच गावच्या दोघांतला वयानं मोठा आणि लहान एवढाच होता. ते काका-पुतणे असतील, कुणीच नसतील. मोठा वारला की ज्युनियरचा सीनियर होतो. ‘कझिन’ म्हणजे पुतण्या किंवा भाचा असू शकतो, ‘सन-इन-लॉ’ म्हणजे सावत्र मुलगा. ‘इन्फंट’ म्हणजे २१ वर्षांखालचा कुणीही, आणि ‘ऑर्फन’ म्हणजे बाप नसलेलं मूल, आई कदाचित घरातच असते. चौदा वर्षांचं मूल स्वतःचा पालक निवडे. कोर्टानं पालक नेमला की मुलानं निवडला, एवढ्यावरून वयाचा अंदाज लागतो.

मृत्यूनंतर सही केलेलं इच्छापत्र

१० डिसेंबर १७४२ला सही आणि १४ फेब्रुवारी १७४२ला कोर्टात सिद्ध. यात चूक नाही. १७५२पूर्वी इंग्रजी वसाहतीत वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून डिसेंबरनंतरचा फेब्रुवारी त्याच सालात पडे. जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म तेव्हाच्या कालगणनेत ११ फेब्रुवारी १७३१चा, आपण आज २२ फेब्रुवारी १७३२ म्हणतो (दिवसांतला फरक १७५२मध्ये कॅलेंडर बदलताना गाळलेल्या अकरा दिवसांचा). अशी तारीख १७४२/४३ अशी दुहेरी लिहा, सुधारून लिहू नका.

हद्द वाचणं, पण काढून न बघणं

दस्तातला हद्दीचा परिच्छेद लोक सोडून देतात. मला तोच सगळ्यात प्रिय. ओढ्याकाठच्या पांढऱ्या ओकपासून सुरू, उत्तरेकडून ४० अंश पूर्वेला १२० पोल, दोन हिकरी झाडांपर्यंत, तिथून अमक्याच्या हद्दीनं. पोल म्हणजे साडेसोळा फूट. आपला गुंठा ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे नेमका दोन पोल बाय दोन पोल. १६० चौरस पोलांचा एकर, ४० गुंठ्यांचा एकर, हिशेब एकच. इंग्रजांची ६६ फुटी साखळी तिकडेही गेली आणि आपल्याकडेही आली. हे लक्षात आलं त्या दिवसापासून मला व्हर्जिनियाचे दस्त परके वाटले नाहीत.

आलेखाच्या कागदावर कोनमापक आणि पट्टी घेऊन हद्द काढा. शेवटची रेघ सुरुवातीच्या झाडाशी जुळली पाहिजे. थोडी फट चालते. मोठी फट पडली तर कारकुनानं नक्कल करताना एखादी बाजू गाळली असेल किंवा पूर्वेचं पश्चिम केलं असेल. एकेक रेघ उलटी करून बघा, बहुतेक वेळा कोडं तिथे सुटतं. ओढ्याच्या वळणानं गेलेली बाजू मोजलेली नसते, ती शेवटी जोडा. तीच हद्द चाळीस वर्षांनंतरच्या दस्तात दोन-तीन अंशांनी सरकलेली दिसली तर जमीन दुसरी समजू नका. होकायंत्राची उत्तर काळाबरोबर सरकते.

मग शेजाऱ्यांचे तुकडे काढून कडेला लावा. आमच्या माणसाचा खरेदीदस्त मिळालाच नाही, पण तीन शेजाऱ्यांच्या हद्दींत त्याचं नाव होतं आणि मधली रिकामी जागा त्याच्या शेताच्या आकाराची निघाली. यापुढची दिशाही शेजाऱ्यांनीच दिली, कारण साक्षीदार, जामीन आणि सोयरे याच बांधांवरचे असतात. नावानं शोधणाऱ्याला ही माणसं दिसत नाहीत, कारण सूचीत बहुधा देणारा-घेणाराच असतो. साक्षीदार आणि शेजारी नसतात.

म्हणून कोर्टाची ऑर्डर बुकं, म्हणजे कामकाजाच्या नोंदवह्या, पानं उलटून वाचावी लागतात. तंबाखूत फेडायच्या छोट्याशा कर्जाचा खटला फुटकळ वाटतो, पण दुसऱ्या काउंटीतून आलेल्या साक्षीदाराला मैलांप्रमाणे भत्ता मिळे. ‘गायब’ झालेला माणूस कुठे राहायला गेला ते अशा एका ओळीत सापडतं. दस्ताच्या पुस्तकातली सही मात्र पूर्वजाची मानू नका, ती कारकुनाच्या हातची नक्कल आहे.

दप्तर जळालं म्हणून थांबणं

न्यू केंटचं कोर्ट १७८७मध्ये जळालं. हॅनोव्हरचे कागद यादवी युद्धात सुरक्षित राहावेत म्हणून रिचमंडला नेले आणि एप्रिल १८६५मध्ये रिचमंडच पेटलं. बकिंगहॅमचं १८६९मध्ये गेलं. पण पेटंटं वसाहतीच्या दप्तरात होती, ती वाचली. १७८२पासूनच्या कर-याद्यांची एक प्रत राज्याकडे असे. आणि चर्चची व्हेस्ट्री बुकं, म्हणजे चर्चच्या कारभारी मंडळाच्या वह्या, आहेत. दर चार वर्षांनी गावकऱ्यांनी मिळून बांधावरून चालायचं, हद्दीच्या खुणा ताज्या करायच्या आणि त्याची नोंद चर्चमध्ये द्यायची, असा कायदा होता. हॅनोव्हरच्या सेंट पॉल पॅरिशचं (एका चर्चच्या हद्दीतला विभाग) १७०६ ते १७८६चं पुस्तक टिकलं आहे. कोण कुणाच्या शेजारी होतं ते त्यात आहे.

मालमत्तेच्या यादीतली नावं गाळणं

मृत शेतकऱ्याच्या मालमत्तेच्या यादीत गाई, डुकरं, लोखंडी भांडी यांच्या ओळीत गुलाम म्हणून ठेवलेली माणसं येतात. नुसतं पहिलं नाव, पुढे किंमत. वंशावळ करणारे बरेच जण ती ओळ उतरवत नाहीत. कृपा करून उतरवा. ते शेत कसणारे तेच होते, आणि त्यांच्या वंशजांना शोधायला बहुतेक वेळा मालकाचे हेच कागद उरले आहेत: इच्छापत्र, वाटणी, गहाणखत. व्हर्जिनियात आणलेल्या आफ्रिकी मुलांना वय ठरवण्यासाठी कोर्टात उभं करत, कारण सोळाव्या वर्षापासून त्यांच्यावर मालकाला कर पडे. त्या नोंदी ऑर्डर बुकात आहेत. नाव, वय, मालक, तारीख आणि पान असे पाच रकाने करून वेगळी यादी ठेवा आणि ती तिथल्या काउंटीच्या इतिहास मंडळाकडे द्या. आमच्या यादीत आतापर्यंत अकरा नावं झाली आहेत. जावयानं ती वंशावळीच्या त्याच वहीत, शेताच्या नकाशासमोरच्या पानावर लिहून घेतली.