"सगळं करा, डॉक्टर"

नाशिकला हाऊसमनशिपच्या दुसऱ्या महिन्यात, पहाटे तीन वाजता मी निफाडच्या एका आजोबांचं थांबलेलं हृदय चालू करायला त्यांची छाती दाबत होतो. फुफ्फुसाचा कॅन्सर, यकृतात आणि मणक्यात पसरलेला. अंगावर मांस उरलं नव्हतं. पाचव्या-सहाव्या दाबाला तळव्याखाली बरगडी कटकन मोडली, मग आणखी दोन. वीस मिनिटांनी थांबलो तेव्हा तोंडातल्या श्वासाच्या ट्यूबभोवती रक्ताळलेला फेस होता. मुलानं वडिलांना शेवटचं पाहिलं ते तसं.

मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, दर ३ ते ५ मिनिटांनी ॲड्रिनलिनचं इंजेक्शन, हे तुम्हा इंटर्नना येतं. माझं चुकलं ते आदल्या दुपारी.

राउंड संपवायच्या घाईत मी मुलाला उभ्याउभ्या विचारलं, "काही झालं तर सगळं करायचं ना?" चार भाऊबंद मागे उभे असताना कुठला मुलगा "नको" म्हणेल? "सगळं करा, डॉक्टर," तो म्हणाला. मी ते फाईलवर लिहिलं आणि सुटलो. त्याच्या मनात सलाईन आणि ऑक्सिजन होता. छाती दाबणं म्हणजे काय, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं.

हा प्रश्न असा कधीच विचारू नका. खुर्ची ओढून बसा. आतापर्यंत त्यांना काय सांगितलं गेलंय ते आधी ऐका. "पेशंट सिरियस आहे" एवढ्यानं काही कळत नाही, वॉर्डात सगळेच सिरियस असतात. "बाबा आता यातून वाचणार नाहीत" असं स्पष्ट म्हणा. छाती दाबून हृदय घटकाभर चाललं तरी कॅन्सर तिथेच राहतो, हेही सांगा. मग विचारा, "बाबा शुद्धीत असते तर काय म्हणाले असते?" तुमच्या सरांशी आधी बोलून घ्या, आणि टीमचं मत घरच्यांना सांगा. निर्णय एकट्या मुलाच्या गळ्यात घालू नका. पहिल्या वेळी आवाज कापेल. कापू दे, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

एखादा सीनियर सांगेल, "नातेवाइकांच्या समाधानासाठी दोन मिनिटं दाबल्यासारखं कर." अजिबात करू नका. ही त्यांची फसवणूक आहे आणि पेशंटची विटंबना. मला या कामातलं खरं शिकवलं ते रात्रपाळीच्या सिस्टरनी.

कायद्याची धास्ती मलाही होती. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केला, आणि डीएनएआर, म्हणजे हृदय थांबल्यावर ते पुन्हा चालू करायचा प्रयत्न न करण्याचा निर्णय, याबाबतची आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) मार्गदर्शक तत्त्वं २०२० पासून आहेत. ती वाचा. निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा, घरच्यांशी बोलून, लेखी. इंटर्ननं एकट्यानं घ्यायचा नाही. आणि डीएनएआर म्हणजे उपचार बंद नव्हे. मॉर्फिन, कूस बदलणं, तोंड ओलं ठेवणं, सगळं चालू राहतं.

पुढे दिंडोरीच्या एका आजींच्या वेळी आम्ही दुपारीच बसून बोललो होतो. रात्री श्वास लांबायला लागला तशी मुलगी उशाशी बसली, सुनेनं रामकुंडाचं पाणी चमच्यानं ओठांना लावलं. मी मॉनिटरचा आवाज बंद केला आणि पडदा ओढून घेतला.